रंग चुकले, यंत्र जमले

सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत उमेदवारासमोर एक छोटेसे पुस्तक धरले जाते. त्याच्या प्रत्येक पानावर रंगीबेरंगी ठिपक्यांचे एक वर्तुळ असते आणि त्या ठिपक्यांत एखादा आकडा लपलेला असतो. बहुतेकांना तो लगेच दिसतो. काहींना मात्र नुसते ठिपकेच दिसतात. धावण्यात पहिला आलेला, लेखी परीक्षेची तयारी केलेला तरुण अशा वेळी गोंधळून जातो. आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा तिथेच कळते.

नगर जिल्ह्यात पहाटे गावोगावच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. रणगाडा दलाचे आणि यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र शहरातच असल्याने गणवेशाची ओढ इथे जुनी आहे. त्यामुळे त्या पुस्तकापाशी अडलेला एखादा तरुण आपल्याही ओळखीत असू शकतो. त्याला आणि त्याच्या घरच्यांना सांगावी अशी एका माणसाची गोष्ट आहे. तोही ऐन विशीच्या उंबरठ्यावर याच कारणाने अडला होता. त्याचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

चित्रकार व्हायचे होते

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने शिकून विद्वान व्हावे, ही त्या घराची साहजिक अपेक्षा होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नव्हते. त्यांना दोन गोष्टींचा नाद होता, चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे. वडिलांच्या मनाविरुद्ध, पण थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पैशांच्या आधारावर ते १८८५ साली मुंबईला गेले आणि जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले.

दोन वर्षांत एक गोष्ट उघड झाली. त्यांची रेषा चांगली होती, पण काही रंगांमधला फरक त्यांना कळत नव्हता. त्यांना अंशतः रंगांधत्व होते. रंगचित्रकाराला याहून मोठी अडचण कोणती असणार? घरच्यांचा विरोध पत्करून निवडलेली वाट दोन वर्षांतच बंद झाली.

डोळ्यात नेमके काय घडते?

आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांचे तीन प्रकार आहेत. प्रत्येक प्रकार प्रकाशाच्या वेगवेगळ्या लांबीच्या लहरींना अधिक प्रतिसाद देतो. या तिघांकडून आलेल्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. यातला एखादा प्रकार नसला किंवा त्याची संवेदना बदललेली असली, तर काही रंग एकमेकांसारखे दिसू लागतात. सर्वांत जास्त आढळते ती तांबडा आणि हिरवा यांच्यातली गल्लत. रंगांधत्व या शब्दामुळे अशा माणसाला जग काळे-पांढरे दिसत असेल, असा समज होतो. तसे क्वचितच असते. बहुतेकांना रंग दिसतात, फक्त काही रंगांमधली सीमा पुसट असते.

तांबड्या-हिरव्या रंगाच्या संवेदनेची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एकच एक्स गुणसूत्र असल्याने त्यावर दोष असला की तो प्रकट होतो. स्त्रीकडे दोन असतात, त्यामुळे एकातला दोष दुसरे भरून काढते. म्हणूनच हा दोष प्रामुख्याने पुरुषांत दिसतो आणि तो बरेचदा आजोबांकडून आईमार्फत नातवाकडे जातो. आईला स्वतःला काहीच त्रास नसतो. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण शंभरातल्या आठ पुरुषांत आणि दोनशेतल्या एका स्त्रीमध्ये तो आढळतो. भारतात केलेल्या पाहण्यांत पुरुषांमधले प्रमाण याहून कमी निघाले आहे. तरीही पन्नास मुलांच्या वर्गात एखादा-दुसरा मुलगा असा असू शकतो.

या दोषाचा पहिला शास्त्रीय अभ्यास इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली मांडला, तो स्वतःच्याच दृष्टीबद्दल. अणुसिद्धांताशी त्यांचे नाव जोडलेले आहे, ते हेच डाल्टन. १८७५ साली स्वीडनमध्ये झालेल्या एका रेल्वे अपघातानंतर रंगीत लोकरीचे धागे जुळवायला लावण्याची चाचणी पुढे आली. ठिपक्यांचे पुस्तक मात्र जपानची देणगी आहे. टोकियोतील नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी सैन्यभरतीच्या तपासणीसाठी ते तयार केले आणि १९१७ साली ते जगासमोर आले. लक्ष्मणराव मुंबईत शिकत होते तेव्हा इशिहारांचे वय दहाच्याही आत होते. त्यामुळे लक्ष्मणरावांना आपला दोष कळला तो चाचणीतून नव्हे, तर दोन वर्षे खर्ची पडल्यावर.

रेषा शाबूत होती

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण कागद आणि पेन्सिल सोडली नाही. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाही. तिथे लागते ती रेषा, प्रमाण, माप आणि एखादा भाग आतून कसा असेल हे डोळ्यांसमोर आणण्याची क्षमता. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईत नुकत्याच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. फावल्या वेळात ते तिथल्या कार्यशाळेत जात, यंत्रे उघडून पाहत, कारागिरांबरोबर हात काळे करत. त्यांचे खरे शिक्षण या कार्यशाळेत झाले.

त्याच काळात त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर सायकल पाहिली. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि रामुअण्णा त्या विकत. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला ती दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. ज्या रस्त्यावर हे दुकान होते तो आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

लोखंडाने जमिनीला विष चढते का?

सायकलींच्या दुरुस्तीतून अवजारांकडे वळणे फार अवघड नव्हते. लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग त्यांनी लोखंडी नांगर करायला घेतला. बाजारात विलायती नांगर होते. त्यांचा नमुना समोर ठेवून आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना चालेल असा नांगर घडवायचा, असा त्यांचा विचार होता.

लाकडी नांगराचा फाळ जमिनीत चर पाडतो, पण माती उलटवत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पत्रा असतो. तो खोलवरची माती वर आणून पालथी करतो. त्यामुळे हराळी, कुंदा यांसारख्या चिवट तणांची मुळे आणि काशा उन्हात उघड्या पडून वाळतात. भारी काळ्या जमिनीत हा फरक फार मोठा असतो. आपल्या गोदावरी-प्रवरेच्या काठच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

पण तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत अशी होती, की लोखंडाने जमिनीला विष चढते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे कारखानदाराची खरी परीक्षा होती. ज्याचे सगळे पोट जमिनीवर आहे, तो माणूस नव्या अवजाराला भिणारच. ते फसले तर त्याचे एक वर्ष वाया जाते. आरोग्याच्या क्षेत्रात लसीबद्दल, नव्या औषधाबद्दल जी भीती दिसते, तीही याच जातीची असते. अशी भीती उपदेशाने जात नाही. शेजारच्या रानात नांगर चालला, त्या रानात पीक चांगले आले आणि जमीन मेली नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच ती जाते. एकदा खात्री पटल्यावर मात्र मागणी वाढत गेली.

माळरानावरचा कारखाना

धंद्याने जरा मूळ धरले आणि दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्णयामुळे कारखान्याची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकलेचे दर्दी होते आणि लक्ष्मणरावांनी औंधला त्यांच्यासाठी मंडपाचे काम केले होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली लक्ष्मणराव, पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे तिथे उतरली. त्या जागी पाणी नव्हते, सावली नव्हती. होते ते निवडुंग आणि साप. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी उभी राहिली ती याच जागेवर.

लक्ष्मणरावांनी परदेशातल्या औद्योगिक वसाहतींबद्दल वाचले होते. कारखाना म्हणजे नुसती यंत्रे नव्हेत, तिथे माणसे राहणार आहेत, हे त्यांच्या मनात पक्के होते. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालदार नेमले आणि ती माणसे विश्वासाला जागली. भोवतीचे सहकारीही पदव्या पाहून निवडलेले नव्हते. शंभोराव जांभेकर यंत्रे पाहत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत, अनंतराव फळणीकर अभियंत्याचे काम करत आणि रामुअण्णा वाडीचा कारभार पाहत.

पहिल्या महायुद्धात विलायती माल येणे थांबले आणि नांगरांची मागणी वाढली, पण लोखंडच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले. हळूहळू उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप अशी भर पडत गेली. १९२० साली कारखान्याच्या छापखान्यातून पुतणे शंकरराव यांनी मासिक सुरू केले, तेच पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून घराघरांत पोचले. मुलगा शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून १९२६ साली परतला. त्याच्या काळात वाडीच्या पुढची मजल गाठली गेली आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. विहिरीवर धडधडणारे इंजिन म्हणजे किर्लोस्कर, हे समीकरण आपल्याकडच्या जुन्या बागायतदारांना अजून आठवत असेल.

जपानमधला समवयस्क

लक्ष्मणरावांच्या दोन वर्षे आधी, १८६७ साली, जपानमधल्या एका खेड्यात सुताराच्या घरी साकिची टोयोडा जन्मला. गावातल्या बायका हातमागावर राबताना तो पाहत असे. १८९१ साली त्याने सुधारलेल्या लाकडी हातमागाचे पेटंट घेतले. पुढची तीस-पस्तीस वर्षे तो माग सुधारत राहिला. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्याने केला. १९२४ साली पूर्ण झालेल्या स्वयंचलित मागाचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने एक लाख पौंडांना घेतले. एके काळी जपान ज्यांच्याकडून यंत्रे घेत होता, त्या इंग्रजांनाच जपानी माणसाचा शोध विकत घ्यावा लागला. त्याच्या मुलाने मोटारींच्या कामाला हात घातला आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

पूर्व आशियाच्या पुढच्या इतिहासातही हाच क्रम दिसतो, आणि गंमत म्हणजे त्यातही सायकल आहे. सोइचिरो होंडा यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याची उरलेली छोटी इंजिने सायकलींना जोडून विकायला सुरुवात केली. दक्षिण कोरियातील किया ही मोटार कंपनी १९४४ साली सायकलचे सुटे भाग करणारा कारखाना म्हणून सुरू झाली. आधी दुरुस्ती करायची, मग सुटे भाग, मग नकल, मग सुधारणा आणि शेवटी स्वतःचे यंत्र. बेळगावच्या सायकल दुकानाने हीच वाट त्यांच्या कितीतरी आधी धरली होती.

नगरच्या वाट्यालाही असा एक शोध आला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे अभियंते डी. सी. चर्चिल यांनी इथे राहून वेगाने चालणारा हातमाग तयार केला. पण चर्चिल पुढे अमेरिकेला परतले आणि १९२२ साली केंटकी राज्यातील बेरिया गावी त्यांनी विणकामाचा उद्योग काढला. तो तिथे अनेक दशके चालला. शोध लागला की उद्योग उभा राहतोच असे नाही. त्याच्याभोवती भांडवल, कारागीर, विक्रेते आणि टिकून राहणारी माणसे लागतात. टोयोडांना ती मिळाली, लक्ष्मणरावांनाही मिळाली.

दोष म्हणजे देणगी नव्हे

अशा चरित्रांतून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. रंगांधत्व होते म्हणून लक्ष्मणराव मोठे झाले, असे कोणी सांगेल. ते खरे नाही. दोषाने त्यांची दोन वर्षे घेतली आणि एक स्वप्न घेतले. त्यांना वर काढले ते इतर गोष्टींनी. भावाने पाठवलेले पैसे होते, संध्याकाळी उघडी मिळणारी कार्यशाळा होती, संकटात जमीन आणि कर्ज देणारा राजा होता. भरतीत अडलेल्या मुलाला नुसता धीर देऊन भागत नाही. त्याला दुसरे कौशल्य शिकता येईल अशी जागा आणि काही काळाचा आधार हवा असतो. हा आधार द्यायचा की टोमणे, हे घरच्यांच्या हातात असते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. मूल चित्रात झाडाचे खोड हिरवे आणि पाने तपकिरी रंगवत असेल, खडूवरचे नाव वाचूनच रंग निवडत असेल, पिकलेले-कच्चे फळ रंगावरून ओळखत नसेल, तर रागावू नका. नेत्रतज्ज्ञाकडून रंगदृष्टी तपासून घ्या. ठिपक्यांच्या पुस्तकाने होणारी ही तपासणी काही मिनिटांची आणि वेदनारहित आहे. सैन्य, रेल्वे इंजिनचालक, विमानचालक अशा कामांसाठी रंगदृष्टीची अट असते. त्या वाटेची तयारी सुरू करण्यापूर्वी, म्हणजे दहावीच्या आधीच, ही तपासणी झालेली बरी. तार जोडणीसारख्या कामातही रंगांना महत्त्व असते, तेही ध्यानात घ्यावे.

जन्मजात रंगांधत्व बरे करणारे औषध, थेंब किंवा डोळ्यांचे व्यायाम सध्या उपलब्ध नाहीत. भरतीपूर्वी रंगदृष्टी ठीक करून देण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. रंगीत भिंगांच्या चष्म्याने काहींना दोन रंगांतला फरक थोडा अधिक जाणवतो, पण त्याने दृष्टी सामान्य होत नाही.

आधी चांगली असलेली रंगदृष्टी मोठेपणी बिघडली, तर मात्र ते आजाराचे लक्षण असू शकते. दृष्टिमज्जातंतूचे विकार, काचबिंदू, मधुमेह यांत असे होते. क्षयरोगावरच्या एथॅम्ब्युटॉल या औषधानेही काही रुग्णांत तांबडा-हिरवा ओळखणे अवघड होते किंवा नजर मंदावते. अशा वेळी औषध मनाने बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगावे.

नियमही हळूहळू बदलत आहेत. २०२० साली केंद्र सरकारने सौम्य ते मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन परवाना मिळण्याची वाट मोकळी केली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटला रंगांधत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमांतून वगळू नये, असे सांगितले. संकलन शिकायला निघालेल्या एका तरुणाला त्या दोषामुळे प्रवेश नाकारला गेला होता. लक्ष्मणरावांनी मुंबईतले चित्रकलेचे वर्ग सोडले, त्याला तेव्हा सुमारे १३५ वर्षे झाली होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ज्या मुलाला पुस्तकातला आकडा दिसला नाही, त्याला ही गोष्ट जरूर सांगा. आणि त्याच्या धाकट्या भावाला या सुट्टीतच जवळच्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात घेऊन जा.